दहावा माणूस

कोकणातल्या यहुद्यांच्या, म्हणजे बेने इस्रायलांच्या, कहाणीची सुरुवातच दफनाने होते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि लाटांनी वाळूवर आणून टाकलेली आपल्या माणसांची प्रेते त्यांनी तिथेच पुरली. इतिहासकार या कथेला कागद मागतात; कागद नाही. नवगावची दफनभूमी मात्र आहे, तिथे आता स्मारकही आहे. ग्रंथ समुद्रात गेले, भाषा गेली. उरले ते शेमा या प्रार्थनेचे शब्द, सुंता आणि शनिवार. कोकणातल्या गावांनी त्यांना जागा दिली, घाणा चालवू दिला. शनिवारी तो बंद म्हणून नाव पडले शनवार तेली.

गेलेल्यांची आठवण त्यांनी सणांतच बसवली. जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास वालाच्या बिरड्यावर सोडायचा, म्हणून तो बिरड्याचा सण. योम किप्पूरला घराची दारे लावून बसायचे, तो दारफळणीचा. दुसऱ्या दिवशी शिळा सण. या दिवसांत घरी आलेले पितर परत जातात अशी समजूत होती. मग त्या दिवशी गोरगरिबांना द्यायचे आणि एकमेकांच्या घरी जायचे. आपल्या सर्वपित्रीला अगदी शेजारची वाटावी अशी ही रीत आहे.

मुंबईतले पहिले सिनेगॉगही एका सुटकेतून उभे राहिले. सॅम्युएल इझेकिएल दिवेकर, लोकांच्या तोंडी सामाजी हसाजी, हे कंपनीच्या फौजेतले अधिकारी दुसऱ्या म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेत पडले. त्या युद्धात असे कैदी पुष्कळ होते. 1782 साली कुंभकोणमजवळ कर्नल ब्रेथवेटची तुकडीच्या तुकडी टिपूच्या हाती लागली होती. समाजात सांगतात ते असे : तुमची जात कोणती, या प्रश्नावर दिवेकरांनी ‘बेने इस्रायल’ असे उत्तर दिले. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते लोक हेच, हे टिपूच्या आईने ओळखले आणि रदबदली करून त्यांचा जीव वाचवला. पुरावा विचारू नये अशी ही गोष्ट आहे. पण मुंबईच्या सिनेगॉगचे श्रेय एका मुसलमान बाईच्या दयेला द्यायला या समाजाने कधी संकोच केला नाही, हे मला त्या गोष्टीपेक्षाही मोठे वाटते. 1796 साली दिवेकरांनी शार हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार, बांधले. लोक त्याला जुनी मशीद म्हणत. पुढच्याच वर्षी, तिथे ठेवायच्या सेफेर तोरासाठी, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळीसाठी, कोचीनला गेले असता, दिवेकर वारले.

पुढचे शतक भरभराटीचे. अलिबागला 1848 साली मागेन आबोथ, लगोलग पनवेलला बेथ एल. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 साली इस्रायली मुलांसाठी शाळा काढली. नंतर डॉ. जेरूशा झिराड मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या, आणि डॉ. ई. मोझेस शहराचे महापौर.

मग 1948 उजाडले आणि इस्रायल स्थापन झाले. इथे कोणी हाकलले नव्हते. आपण मराठी माणसे हे जरा जास्तच अभिमानाने सांगतो. तरी गावे रिकामी व्हायची थांबली नाहीत. 1951 साली भारतात सुमारे 26 हजार यहुदी होते. 2011 च्या जनगणनेत 4,650. तिकडे गेलेल्यांपुढेही ताट वाढलेले नव्हते. 1962 मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मावले की बेने इस्रायलांचे लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करा. नवगावच्या चौदा जणांच्या वंशजांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, तेव्हा कुठे ऑगस्ट 1964 मध्ये नेसेटने, तिथल्या संसदेने, ठराव केला : हे लोक सर्वार्थाने यहुदीच आहेत.

मागे राहिलेल्यांची अडचण निराळी होती, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिले गेले आहे. सामुदायिक प्रार्थनेला मिन्यान लागतो, म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. त्याशिवाय कद्दीश ही प्रार्थना म्हणता येत नाही, आणि मृतासाठीही कद्दीशच म्हणायचा. आई-बाप गेले की मुलगा जवळजवळ वर्षभर तो म्हणतो, पण एकट्याने नाही. आणखी नऊ जण हजर हवेत. भरल्या मोहल्ल्यात हा नियम कोणाच्या लक्षातही येत नसेल. इस्रायल आळीत चारदोन घरे उरली की तोच नियम माणसाला माणसाच्या दारात उभा करतो. नऊ जमले आहेत, दहाव्याला निरोप गेला आहे. दहावा म्हातारा आहे, त्याचे गुडघे दुखतात, मेलेल्याशी त्याचे कदाचित भांडणही होते. तो येतो. सांत्वनाचे चार शब्द त्याला बोलता येत नसले तरी चालते, मोजणीत असला की झाले. दानधर्माच्या पाट्या भिंतींवर लागतात, अशा येण्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

या समाजाबाहेरचे दुःखही मुंबईच्या सिनेगॉगांनी सामावून घेतले. 26 नोव्हेंबर 2008 ला नरिमन हाऊस या यहुदी केंद्रावर हल्ला झाला. तिथले रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का मारले गेले. जेमतेम दोन वर्षांच्या मोशेला त्याची दाई सँड्रा सॅम्युएल उचलून बाहेर घेऊन आली. शोकसभा फोर्टातल्या केनेसेथ एलियाहूत झाली. ते सिनेगॉग 1884 साली जेकब ससून आणि त्यांच्या भावांनी वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेले. त्या सभेत मोशे आईला हाका मारत रडत राहिला. सँड्रा त्याच्याबरोबर इस्रायलला गेली आणि तिथेच राहिली. 2010 मध्ये तिला तिथले मानद नागरिकत्व मिळाले. ती यहुदी नव्हती, ख्रिश्चन होती.

2016 साली महाराष्ट्राने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याने दाखले मिळणे सोपे झाले. दहा पुरुष जमवण्याचे काम अजून ज्याचे त्यालाच करावे लागते. फोन एक दिवस आधी करायचा, आणि पनवेलहून येणाऱ्याला गाडीची वेळ कळवायची.