विश्लेषण : नर माजावर, शिकारी लपणात… अमेरिकेतील नोव्हेंबरच्या हरीणशिकारीचे गणित काय?

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात ‘थँक्सगिव्हिंग’च्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरीण मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. सुमारे ५९ लाख लोकसंख्येच्या या राज्यात त्यासाठी पाच लाखांहून अधिक परवाने विकले जातात. ही शिकार नेमकी याच दिवसांत का होते आणि सरकार तिला परवानगी का देते?

माजाचा हंगाम म्हणजे काय?

पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या मीलनकाळाला ‘रट’, म्हणजेच माजाचा हंगाम म्हणतात. दिवस लहान होऊ लागले की नराच्या शरीरातील संप्रेरके बदलतात. त्याची मान जाड होते, तो शिंगे झाडांवर घासतो आणि खुरांनी जमीन उकरून गंधाच्या खुणा सोडतो. उत्तरेकडील राज्यांत नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हा काळ ऐन भरात असतो. मादी जेमतेम एक-दोन दिवस माजावर असल्याने नर खाणे-पिणे विसरून तिच्या मागावर राहतो. या काळात त्याचे वजन एक पंचमांशापर्यंत घटू शकते. एरवी दिवसभर झाडीत दबून राहणारा सावध नर भर दुपारीही उघड्यावर येतो. शिकारी याच क्षणाची वाट पाहत असतात.

लपणातून शिकार कशी होते?

जमिनीवरचा कापडी तंबू, लाकडी किंवा प्लास्टिकची खोली अथवा झाडावरचे मचाण, अशी लपणाची अनेक रूपे आहेत. हरणांच्या वाटा पाहून त्याची जागा ठरते; पण सर्वांत महत्त्वाचा असतो वारा. माणसाचा वास हरणाकडे गेला, तर तासन् तास बसणे फुकट जाते. शिकारी उजाडण्यापूर्वीच आत जाऊन बसतो.

बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्याने भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे घालणे विस्कॉन्सिनमध्ये बंधनकारक आहे. सरकारी जमिनीवरील लपणावरही किमान १४४ चौरस इंचांचा असा पट्टा चारही बाजूंनी दिसावा लागतो. हरणाला लाल-नारिंगी छटा माणसाप्रमाणे वेगळ्या ओळखता येत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस दिसतो, पण हरीण बिचकत नाही. मचाणावरून पडणे हे दुखापतींचे मोठे कारण असल्याने सुरक्षा पट्टा वापरण्याचे आवाहन वारंवार केले जाते.

सरकार परवानगी का देते?

बाजारासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीमुळे १९०० च्या सुमारास अमेरिकेत ही हरणे पाच लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरली होती. त्यानंतर शिकारीवर हंगाम, परवाना आणि संख्येची मर्यादा आली. १९३७ च्या ‘पिटमन-रॉबर्टसन’ कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. आज ही संख्या सुमारे तीन कोटी असल्याचा अंदाज आहे. बहुतांश भागांतून लांडगे व प्यूमा संपल्याने संख्येला आवर घालण्याचे काम प्रामुख्याने शिकाऱ्यांवर आले आहे.

मग अडचण कुठे आहे?

शिकाऱ्याला मोठ्या शिंगांचा नर हवा असतो. मात्र एक नर अनेक माद्यांशी मीलन करतो आणि प्रौढ मादीला बहुधा जुळी पाडसे होतात. त्यामुळे केवळ नर मारून संख्या घटत नाही. म्हणूनच अनेक राज्ये मादीसाठी स्वतंत्र, स्वस्त परवाने देतात. दुसरीकडे शिकारीच घटत आहेत. केंद्रीय सर्वेक्षणानुसार १९९१ मध्ये १.४१ कोटी असलेली त्यांची संख्या २०१६ मध्ये १.१५ कोटींवर आली. शिकारी घटले की हरणे वाढतात आणि परवान्यांतून मिळणारा संवर्धनाचा निधीही आटतो.

त्यात भर पडली ती ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ची. प्रिऑन या बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा हा मेंदूचा जीवघेणा आजार विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये आढळला. प्रौढ नरांत त्याचे प्रमाण अधिक दिसते. माणसाला लागण झाल्याची नोंद नाही. तरी बाधित भागातील मांस तपासून घ्यावे आणि बाधित हरणाचे खाऊ नये, असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे.

शिकार न करणाऱ्यांनाही हा हंगाम चुकत नाही. हरणे वाहनांवर आदळण्याचे प्रमाण नोव्हेंबरमध्ये सर्वाधिक असते. त्यामुळे तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही पहाटे व सायंकाळी गाडी जपून चालवावी. एक हरीण रस्ता ओलांडून गेले, तर मागून दुसरे येईल असे गृहीत धरावे.

भारतात काय स्थिती?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार चितळ, सांबर, काळवीट यांची शिकार हा गुन्हा आहे. हौशी शिकारीचा परवाना येथे मिळत नाही. पिकांची नासधूस करणाऱ्या रोही व रानडुकरांबाबत मात्र वन विभाग अटींसह परवानगी देऊ शकतो. मचाण आपल्याकडेही टिकून आहे, पण वेगळ्या कामासाठी. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबा, मेळघाटातील पाणवठ्यांवर निसर्गप्रेमी मचाणावर बसून चंद्रप्रकाशात प्राण्यांच्या नोंदी घेतात.