क्यूजीआयएसचा नकाशा चुकतोय? गाळ्याचं डिपॉझिट भरण्याआधी हे तपासा



मागच्या व्हिडिओत आपण ग्राहकांची यादी क्यूजीआयएसमध्ये टाकून नकाशा कसा काढायचा ते बघितलं. सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, त्यामुळे बऱ्याच जणांनी लगेच करून पाहिलं. आणि मग एकच सूर ऐकू आला, "सर, तुमचं बरोबर येतं, आमचं काहीतरी भलतंच येतं."

खरं सांगू? माझंही भलतंच आलं होतं. आणि ते मला महागात पडणार होतं.

माझं किराणा दुकान सांगलीत आहे. घरपोच डिलिव्हरी वाढली तेव्हा दुसरं छोटं दुकान काढायचं मनात आलं. ग्राहकांचे पत्ते नकाशावर टाकले, हीटमॅप काढला, तर एका चौकाजवळ लालभडक ठिपका. म्हटलं, देवच पावला. त्या चौकात गाळा बघितला, मालकाशी बोलणं झालं, दुसऱ्या दिवशी टोकन द्यायचं ठरलं. रात्री सहज डिलिव्हरीच्या पोराला नकाशा दाखवला. तो म्हणाला, "दादा, इथं तर आपले चार-पाचच गिऱ्हाईक आहेत."

शोधलं तेव्हा कळलं. पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढून देणारं जे साधन मी वापरलं होतं, त्याला पत्ता सापडला नाही की ते सरळ पिनकोडच्या भागाचा मधला बिंदू देऊन टाकायचं. अर्धवट पत्त्यांचे ६० च्या वर ग्राहक एकाच बिंदूवर येऊन बसले होते. तो लाल ठिपका म्हणजे माझ्या वहीतल्या अर्धवट पत्त्यांचा ढीग होता!

क्यूजीआयएसने "एरर" असा एक शब्दही दाखवला नव्हता. म्हणून आजच्या लेखात दोन्ही प्रकारच्या चुका बघू. ज्या ओरडून सांगतात त्या, आणि ज्या गप्प बसून पैसे घालवतात त्या.

सुरुवात मोजणीने करा

दुकान बंद करताना आपण गल्ला मोजतो ना, तसंच इथे. एक्सेलमध्ये किती ओळी आहेत ते कागदावर लिहा. फाइल क्यूजीआयएसमध्ये घेतल्यावर लेयरवर राइट क्लिक करून "शो फीचर काउंट" करा. आकडा जुळला तर पुढे जा. नाही जुळला तर आधी ओळी कुठे गळल्या ते शोधा. प्रत्येक पायरीनंतर हे करायचं. निम्म्या चुका इथेच सापडतात.

१. ठिपके समुद्रात पडले

सांगलीचा अक्षांश साधारण १६.८५ आणि रेखांश ७४.५७. सीएसव्ही घेताना एक्स फील्डमध्ये रेखांश लागतो आणि वाय फील्डमध्ये अक्षांश. आपण बोलताना "अक्षांश-रेखांश" म्हणतो, त्यामुळे उलटं भरलं जातं. उलटं झालं की तुमचे ग्राहक नॉर्वेच्या उत्तरेला, थंड समुद्रात पोहोचतात.

आणखी एक प्रकार. ठिपके आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात दिसले तर समजायचं की त्या ओळींमध्ये दोन्ही रकान्यांत शून्य आहे. तिथे अक्षांशही शून्य आणि रेखांशही शून्य. पत्ता माहीत नसेल तर शून्य टाकू नका, रकाना रिकामा ठेवा.

२. एकाच बिंदूवर गर्दी

हाच माझा गाळ्याचा किस्सा. एक्सेलमध्ये अक्षांश आणि रेखांश एकत्र जोडून एक रकाना करा आणि पिव्होट टेबलने कोणता बिंदू किती वेळा आला ते मोजा. एका अपार्टमेंटमधले दहा ग्राहक एकाच बिंदूवर असणं ठीक आहे. पण पत्ते वेगवेगळ्या गल्ल्यांचे आणि बिंदू एकच, असं दिसलं तर ते अंदाजे टाकलेले बिंदू आहेत. ते वेगळे काढा आणि हीटमॅपमध्ये घेऊ नका. ग्राहकाला व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवायला सांगा, डिलिव्हरीच्या वेळी मोबाइलवर बिंदू टिपून घ्या. वेळ लागतो, पण खरा डेटा असाच जमतो.

३. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं

एक्सेलमध्ये "सेव्ह ॲज" करताना साधं "सीएसव्ही" निवडलं की मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. त्याच यादीत "सीएसव्ही यूटीएफ-८" असा वेगळा पर्याय असतो, तो घ्यायचा. एकदा प्रश्नचिन्हं होऊन फाइल सेव्ह झाली की त्या फाइलमधून नावं परत येत नाहीत, म्हणून मूळ एक्सेल फाइल कधीही डिलीट करू नका. फाइल बरोबर असूनही क्यूजीआयएसमध्ये विचित्र अक्षरं दिसली तर लेयर घेताना एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडलंय का ते बघा.

मोबाइल नंबरचंही असंच आहे. पुढे ९१ लावून १२ आकडी नंबर लिहिला की एक्सेल तो लहान करून दाखवतं, आणि सीएसव्ही करताना तसाच अर्धवट सेव्ह होतो. तो रकाना आधीच "टेक्स्ट" करून ठेवा.

४. शेपफाइलने रकान्यांची नावं तोडली

शेपफाइल हा जुना प्रकार आहे. त्यात रकान्याचं नाव जास्तीत जास्त १० इंग्रजी अक्षरांचं चालतं. "एकूण विक्री जानेवारी" आणि "एकूण विक्री फेब्रुवारी" ही दोन्ही नावं कापली गेली की ओळखू येत नाहीत. शिवाय शेपफाइल म्हणजे एक फाइल नसते, चार-पाच फाइल्सचा संच असतो. मित्राला त्यातली एकच पाठवली तर त्याच्याकडे लेयर उघडत नाही. यावर उपाय म्हणजे जिओपॅकेज. एकच फाइल, लांब नावं चालतात, मराठीही नीट राहतं.

५. दोन याद्या जुळत नाहीत

एका यादीत ग्राहक, दुसरीत भाग किंवा पिनकोड. जॉइन केला की सगळीकडे "नल". कारणं बहुतेक साधी असतात. शब्दाच्या शेवटी एक न दिसणारी स्पेस. एका यादीत "इस्लामपूर" तर दुसरीत "इस्लामपुर". एकीकडे पिनकोड मराठी आकड्यांत, दुसरीकडे इंग्रजी आकड्यांत. किंवा एकीकडे पिनकोडच्या मागे दशांश चिन्ह आणि शून्य चिकटलेलं. आपल्याला दोन्ही सारखं दिसतं, कॉम्प्युटरला नाही. फील्ड कॅल्क्युलेटरमधल्या ट्रिम फंक्शनने स्पेस काढा, पिनकोड दोन्हीकडे टेक्स्ट करा, आणि आकडे एकाच लिपीत ठेवा.

आता गप्प बसणारी चूक. समजा एका ग्राहकाच्या महिन्यात आठ ऑर्डर आहेत आणि तुम्ही ऑर्डरची यादी ग्राहकांना जॉइन केली. लेयर प्रॉपर्टीजमधला जॉइन त्यातली एकच ओळ उचलतो. बाकीच्या सात ऑर्डर गायब, आणि एररही नाही! म्हणून आधी पिव्होटने ग्राहकवार बेरीज करा, मग जॉइन करा. नंतर एकूण विक्रीची बेरीज तुमच्या बिलिंगच्या आकड्याशी ताडून बघा.

६. दोन किलोमीटरचं वर्तुळ गोव्यापर्यंत गेलं

हे बघून सगळे हसतात, पण होतं सगळ्यांचंच. अक्षांश-रेखांशाचा डेटा ईपीएसजी ४३२६ मध्ये असतो आणि त्याचं माप अंशांत असतं. बफरमध्ये "२" टाकलं की ते २ किलोमीटर नाही, २ अंश होतात. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. सांगलीभोवती असं वर्तुळ काढलं तर त्यात पुणे आणि पणजी दोन्ही येतात. एवढी डिलिव्हरी आपल्याला झेपायची नाही!

उपाय: "रिप्रोजेक्ट लेयर" वापरून डेटा मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत न्या. सांगली, कोल्हापूर, पुणे, मुंबई, नाशिक, गोवा इथल्यांनी ईपीएसजी ३२६४३ घ्या. नागपूरच्या बाजूला, म्हणजे ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला असाल तर ३२६४४. मग बफरमध्ये २००० टाका.

इथे एक फसगत होते. "सेट लेयर सीआरएस" नावाचाही पर्याय आहे, पण त्याने आकडे बदलत नाहीत, फक्त नाव बदलतं. डब्यावर साखरेची चिठ्ठी लावली म्हणून आतला गूळ साखर होत नाही. लेयर चुकीच्या नावाने घेतला गेला असेल तरच "सेट" वापरा. एका पद्धतीतून दुसरीत न्यायचं असेल तर "रिप्रोजेक्ट"च.

आणि बरोबर वर्तुळ आलं तरी डोकं वापरा. आमच्याकडे वर्तुळात कृष्णेच्या पलीकडची सांगलीवाडीही जवळ दिसते, पण डिलिव्हरीचा पोरगा पोहून जात नाही, पुलावरून फिरून जातो. सरळ रेषेचं अंतर आणि रस्त्याचं अंतर यात फरक आहे. रस्त्यांचा लेयर असेल तर क्यूजीआयएसमधलं "सर्व्हिस एरिया" टूल वापरा, ते रस्त्याने मोजतं.

७. ऑटोमेशन: काल चाललं, आज बंद

दर महिन्याला तेच काम हाताने करायला नको म्हणून आपण मॉडेल डिझायनरमध्ये मॉडेल बनवतो किंवा "बॅच प्रोसेस" लावतो. ते अडतं तेव्हा खालच्या क्रमाने बघा.

फाइल हलवली का? फोल्डरचं नाव बदललं, डेस्कटॉपवरून पेनड्राइव्हवर नेली, की प्रोजेक्ट उघडताना लेयर सापडत नसल्याची खिडकी येते. एका कामाचं सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये पाथ "रिलेटिव्ह" आहे का ते बघा.

रकान्याचं नाव बदललं का? गेल्या महिन्यात "एरिया" होतं आणि या महिन्यात पोराने "भाग" लिहिलं, तर मॉडेल बिचारं काय करणार? रिकामा साचा बनवून ठेवा आणि दर महिन्याचा डेटा त्यातच भरा.

फाइल एक्सेलमध्ये उघडी आहे का? विंडोजवर उघड्या फाइलवर नवीन फाइल लिहिता येत नाही. एक्सेल बंद करा आणि परत चालवा.

सिलेक्शन किंवा फिल्टर राहिलंय का? ही पुन्हा गप्प बसणारी चूक. पाच ठिपके सिलेक्ट असताना आणि "फक्त सिलेक्ट केलेले" हा टिक लागलेला असताना एक्सपोर्ट केलं की घोटाळा होतो. ३०० ग्राहकांच्या जागी पाचच बाहेर पडतात. मोजणीची सवय असेल तर लगेच कळतं.

"इनव्हॅलिड जिऑमेट्री" म्हणून थांबलं का? भागांच्या सीमा हाताने काढताना रेष स्वतःलाच ओलांडून जाते, तेव्हा असं होतं. "फिक्स जिऑमेट्रीज" टूल चालवा आणि ते मॉडेलची पहिली पायरी म्हणूनच जोडून टाका.

पायथन वापरता का? विंडोजचा पाथ कॉपी करून टाकला की त्यातल्या उलट्या तिरक्या रेघेपुढे काही अक्षरं आली तर पायथन त्याचा वेगळाच अर्थ लावतं. सरळ तिरकी रेघ वापरा.

इतकं करूनही सापडलं नाही तर लॉगमधल्या शेवटच्या लाल ओळी वाचा. "प्रोसेसिंग"च्या हिस्टरीमध्ये आधी काय-काय मापं टाकून काम चालवलं होतं ते सगळं असतं. कालचं आणि आजचं शेजारी ठेवून बघा. आणि नवीन मॉडेल नेहमी २० ओळींच्या फाइलवर आधी चालवायचं. २० ओळी डोळ्यांनी तपासता येतात.

८. संध्याकाळपर्यंत केलेलं काम सकाळी गायब

टूलमध्ये "क्रिएट टेम्पररी लेयर" तसंच ठेवलं तर निकाल फक्त मेमरीत राहतो. प्रोजेक्ट सेव्ह केला तरी तो लेयर सेव्ह होत नाही. बंद करताना सॉफ्टवेअर विचारतं, पण दुकान बंद करायच्या घाईत आपण "हो" दाबून मोकळे होतो. महत्त्वाचा निकाल आला की लगेच जिओपॅकेजमध्ये सेव्ह करा.

निर्णय घेण्याआधी पाच प्रश्न

नकाशा बघून पैसे गुंतवणार असाल तर हे कागदावर लिहा:

१. एक्सेलच्या ओळी आणि नकाशावरचे ठिपके सारखे आहेत का?
२. एकाच बिंदूवर संशयास्पद गर्दी आहे का?
३. विक्रीची बेरीज बिलिंगशी जुळते का?
४. अंतर मीटरमध्येच मोजलंय ना?
५. रोज त्या रस्त्याने फिरणाऱ्या माणसाला नकाशा दाखवला का?

पाचवा प्रश्न कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही, पण मला त्यानेच वाचवलं. तो गाळा मी घेतला नाही. अर्धवट पत्ते नीट करायला जवळपास महिना लागला. नव्या नकाशावर ग्राहक दोन रस्त्यांच्या कडेने पसरलेले दिसले, एका चौकात नाहीत. म्हणून दुसऱ्या दुकानाऐवजी संध्याकाळची एक डिलिव्हरीची फेरी वाढवली. खर्च पेट्रोलचा, डिपॉझिट शून्य.

आणि हो, या फाइलमध्ये ग्राहकांचे नंबर आणि घराचे पत्ते आहेत. कुणाला नकाशा दाखवायला पाठवणार असाल तर पीडीएफ किंवा फोटो पाठवा, लेयर नाही. विश्वासाने दिलेली माहिती आहे ती.

आज एवढंच करा: तुमच्या यादीतले पहिले २० ग्राहक घ्या, नकाशावर टाका आणि एकेक ठिपका स्वतः तपासा. किती चुकीचे निघाले ते मोजा. पुढच्या व्हिडिओत हेच मॉडेल आपण सुरुवातीपासून बनवणार आहोत, तेव्हा ती २० जणांची फाइल तयार ठेवा. भेटू!