जुनी चेनसॉ कधी बोलते?

जुनी चेनसॉ दुरुस्तीला आणणारा माणूस बहुधा आवाजाची नक्कल करून दाखवतो. जाणता मिस्त्री ती ऐकून घेतो आणि विचारतो वेगळंच: आवाज येतो कधी? आयडलिंगला, रेस दिल्यावर, की चेन लाकडात उतरल्यावर? दोन भाग अगदी सारखे वाजू शकतात; त्यांची वाजायची वेळ मात्र सहसा वेगळी असते.

१९५९ साली जर्मनीच्या श्टिल कंपनीनं ‘कॉन्ट्रा’ ही गिअर नसलेली चेनसॉ आणली. अशा यंत्रात क्रँकवरचा क्लच थेट चेन फिरवतो. यंत्र हलकं झालं, पण इंजिन, क्लच, स्प्रॉकेट आणि चेन यांचे आवाज वीतभर जागेत एकवटले. नुसत्या कानानं ते वेगळे करणं म्हणूनच अवघड.

आयडलिंगला चेन आणि क्लच ड्रम थांबलेले असतात, आत क्रँक मात्र फिरतच असतो. ड्रम आणि क्रँक यांच्या मधे बारीक सुयांसारख्या रोलरांचं बेरिंग असतं. ते कोरडं पडलं की चिरका, घासल्यासारखा आवाज येतो. रेस दिली की क्लच धरतो, ड्रम क्रँकबरोबरच फिरू लागतो आणि आवाज गायब! मालकाला वाटतं, मशीन गरम झाली, सुटली. खरं तर ग्रीसचं बोट लावायची वेळ आलेली असते.

क्रँकचं मुख्य बेरिंग असं गप्प होत नाही. त्याची घरघर वेगाबरोबर वाढते. कोकणाच्या दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनला गंजामुळे हे दुखणं जडू शकतं. प्लग काढून दोरी सावकाश ओढली तर हाताला खरखर लागते. फ्लायव्हील वर-खाली हलवलं तर ढिलेपणा कळतो. इथे चालढकल करू नये. बेरिंगची जाळी फुटली, तर तिचे तुकडे पिस्टनही खातात.

टकटक असेल तर आधी दोरीची बाजू उघडावी. फ्लायव्हील कॉइलला घासत असेल, तर मॅग्नेटवर चकाकती रेघ दिसते. तिथलं अंतर साधारण ०.३ मिलिमीटर लागतं. खडखडाट असेल तर बार आणि चेन उतरवून, कव्हर परत लावून इंजिन चालवावं. आवाज गेला, तर दोष सैल चेनमध्ये, झिजलेल्या बारमध्ये किंवा स्प्रॉकेटमध्ये. ड्रम काढून इंजिन कधीही चालवू नये. क्लचचे तुकडे बाहेर फेकले जातात.

सगळ्यांत फसवा आवाज मात्र ऐकायला छान असतो. नीट जुळवलेली जुनी चेनसॉ लाकडाबाहेर पूर्ण रेसला किंचित अडखळते, फडफडते आणि लाकडात शिरताच स्वच्छ बोलू लागते. ही फडफड निरोगी आहे, कारण पेट्रोल थोडं जास्त मिळत असल्याची ती खूण. अनेकजण तिला दोष समजून कार्बोरेटरचा स्क्रू आवळतात. मग इंजिन लख्ख, उंच सुरात गाऊ लागतं आणि आत पिस्टनवर ओरखडे उठतात. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातूनच येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. जुनं ऑइल सील कडक होऊन हवा ओढू लागलं, तरी हाच उंच सूर लागतो. शिवाय ट्रिगर सोडूनही वेग लवकर उतरत नाही. तेव्हा मशीन ताबडतोब बंद करावी, ‘एवढा ओंडका होऊन जाऊ दे’ म्हणू नये. बऱ्याच नव्या मशीनमध्ये वेग रोखणारी कॉइल असते आणि तीही अशीच फडफड करते. तिथे फेऱ्या मोजायचं मीटर हवं. जुन्या मशीनवर कानाचा भरवसा धरता येतो.

तो कान जपायला हवा. पूर्ण रेसची चेनसॉ १०० डेसिबलच्या वर जाते आणि अशा गोंगाटानं आधी उंच सुरांची श्रवणशक्ती जाते. कोरड्या बेरिंगचा चिरकेपणा नेमका त्याच सुरांत असतो. म्हणून उघड्या कानानं तपासायचं ते फक्त आयडलिंगला, तेही थोडाच वेळ. रेसची तपासणी कानरक्षक घालूनच करावी; फडफड त्यातूनही ऐकू येते.