ऑटिस्टिक विद्यार्थी कॉलेजात: ऐकीव काय, खरं काय

बोईसर-पालघर पट्ट्यात बारावी सायन्स झालेल्या मुलाचं पुढचं गणित साधारण ठरलेलं असतं. पालघरच्या दांडेकर कॉलेजात केमिस्ट्री घ्यायची किंवा इंजिनीअरिंगला जायचं, आणि मग तारापूर एमआयडीसीत कुठे जागा निघते ते बघायचं. मूल ऑटिस्टिक असलं की नातेवाईक हे गणित पहिल्याच पायरीवर खोडतात. "ऑटिझम आहे ना? मग कॉलेज कशाला?"

ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, आणि बौद्धिक अक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काहींमध्ये दोन्ही असतात, अनेकांमध्ये नसतात. याच्या उलटा गैरसमज प्राध्यापकांच्या खोलीत भेटतो: इथवर पोचला म्हणजे त्याला काही झालेलंच नाही. शाळेत एकच वर्ग, ठरलेला बाक, ठरलेलं वेळापत्रक आणि मागे लागणारी आई असते. कॉलेजात दर तासाला खोली बदलते, लेक्चर ऐनवेळी रद्द होतं, नोटीस व्हॉट्सॲपवर फिरते आणि डहाणू लोकलच्या गर्दीने डोकं आधीच भणभणलेलं असतं. शाळेत झाकून गेलेली अडचण इथे उघडी पडते. काहींना, विशेषतः मुलींना, निदानच या वयात मिळतं.

"सवलती म्हणजे फुकटचे मार्क" हे तर सर्रास ऐकू येतं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात 21 प्रकारची दिव्यांगता नोंदवली आहे, ऑटिझम त्यातला एक. प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगता असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव असतात, वयोमर्यादेत 5 वर्षांची सूट मिळते. तीन तासांच्या पेपरला किमान एक तास जादा मिळतो. या जादा वेळेमुळे प्रश्नपत्रिका मात्र बदलत नाही, तपासणीही बदलत नाही. लिहिण्याची खरी अडचण असेल तर लेखनिकासाठी 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये दिला. हा निकाल आपल्या परीक्षा विभागाच्या खिडकीवर ठाऊक आहे का, ते पालकांनी जाऊन विचारावं.

पण जादा तासाने वर्षभराचं कॉलेज सोपं होत नाही. त्यासाठी मेंटर लागतो, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ आहे. मेंटर म्हणजे शिकवणी घेणारा नव्हे, समुपदेशकही नव्हे. वरच्या वर्गातला विद्यार्थी किंवा एखादे प्राध्यापक हे काम करू शकतात. बाकीचे ज्या गोष्टी न सांगता उचलतात, त्या स्पष्ट सांगणं हे ते काम. आपण मंडळी मोघम बोलण्यात पटाईत. "जर्नल लवकर दे", "येऊन जा कधीतरी", "बघू". यातलं लवकर म्हणजे गुरुवारी दुपारी दोनपर्यंत, आणि 'कधीतरी' म्हणजे सरांचा मोकळा तास असतो तेव्हा, हे कुणीतरी सांगायला हवं. आठवड्याची एक ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि बोललेलं कागदावर, एवढ्याने बरंच काम होतं.

"त्यांना संवादच जमत नाही" हेही तपासून पाहावं असं आहे. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडलं, की गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो. आपल्यालाही त्यांचं म्हणणं कळत नाही. कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये माणसांच्या साखळीतून गोष्ट पुढे पोचवण्याचा प्रयोग केला. ऑटिस्टिक लोकांची साखळी इतरांच्या साखळीइतकीच चांगली निघाली; गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. 2025 च्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळीही मागे पडली नाही. ऑटिस्टिक माणसं निरोप पोचवण्यात कमी ठरली नाहीत, हे दोन्ही वेळा दिसलं. न्यूयॉर्कच्या कॉलेज ऑफ स्टेटन आयलंडमध्ये तर मेंटर योजनेच्या जोडीने ऑटिस्टिक विद्यार्थी ऑटिझमवरच्या संशोधनातही सहभागी होतात.

संशोधन म्हटलं की दोन टोकं ऐकू येतात: यांना झेपणार नाही, नाहीतर हे जन्मजात आइन्स्टाइन. दुसऱ्याला आपले सिनेमेही जबाबदार आहेत. खरं कसं घडतं त्याचं एक उदाहरण: स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अमेरिकेच्या टेंपल ग्रँडिन यांनी स्वतःला शांत करण्यासाठी शरीर दाबून धरणारं यंत्र बनवलं होतं. ते काढून घ्यावं असं मानसतज्ज्ञांचं मत होतं. शाळेतले विज्ञानशिक्षक विल्यम कार्लॉक म्हणाले, त्याने शांत का वाटतं ते शोधून काढ. ग्रंथालय, वाचन, प्रयोग अशी वाट तिथून सुरू झाली, आणि 1989 मध्ये इलिनॉय विद्यापीठाची पशुविज्ञानातली पीएचडी मिळाली.

अशी वाट आपल्याकडेही निघू शकते. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीतच क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आणलंय. नवापूरच्या समुद्रात एमआयडीसीचं सांडपाणी जातं. तिथल्या पाण्याच्या नोंदी हा प्रकल्प होऊ शकतो. गटात नमुना कोण आणणार, पीएच कोण मोजणार, अहवाल कोण लिहिणार हे आधी लिहून वाटून द्यायचं. "गटात मिसळ" एवढं सांगून भागत नाही. कंपनीत प्रशिक्षणाला जायचं तर आधी एकदा जागा दाखवावी आणि विचारायला एकच माणूस नेमावा. गोंगाटाची भीती फार सांगितली जाते. पण यंत्रांच्या विभागात सगळेच कानात प्लग घालतात, तिथे कुणी वळूनही पाहत नाही. टोमणे पडतात ते कॉलेजच्या कँटीनमध्ये.