साखरेच्या मुलखातील मधुमेह आणि आपले घर



जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके उसाचे. एकीकडे विघ्नहर तर दुसरीकडे भीमाशंकर असे सहकारी साखर कारखाने येथे उभे आहेत आणि पाहुण्याला बिनसाखरेचा चहा देणे अजूनही कमीपणाचे वाटते. अशा मुलखात घरातील एकाला मधुमेह झाला की त्याची झळ रुग्णापुरती राहत नाही. ती चुलीपाशी, पंगतीत आणि पतिपत्नींच्या बोलण्यातही पोहोचते.

"हा तर काटकुळा, दिवसभर शेतात राबणारा, याला साखर कशी झाली?" असा प्रश्न आपल्या घरांत विचारला जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा पाऊण किलोहून अधिक कमी भरले. परंतु त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने पुष्कळ होती. दिसायला कृश असूनही आतून चरबी जपणारी ही शरीररचना पुढे मधुमेहाला वाट देते. तेव्हा हा आजार खादाडपणाची शिक्षा नव्हे. घरच्यांनी तसा आरोप केला की नात्याला पहिला ओरखडा उठतो, आणि मग रुग्ण चोरून खाऊ लागतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे पहारा. "तुम्हाला चालत नाही" हे वाक्य पाहुण्यांसमोर, नाताळच्या करंज्यांच्या ताटाशी, सुनेने सासऱ्याला ऐकवावे, हे आम्हाला बरे वाटत नाही. त्यापेक्षा सगळ्यांच्याच चहातील साखर कमी करावी, सगळ्यांच्याच ताटात भाजी व उसळ वाढवावी. गूळ साखरेपेक्षा निरुपद्रवी असतो हा समज चुकीचा आहे. बाजरीची भाकरीही मोजूनच खावी लागते.

सर्वांत मोठा गैरसमज मात्र साखर वाढल्याने नव्हे, उतरल्याने होतो. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याला जेवायला उशीर झाला, तर रक्तातील साखर एकाएकी ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते आणि माणूस चिडतो. कारण मेंदूचे इंधनच कमी पडलेले असते. पत्नीला वाटते, हे विनाकारण अंगावर येत आहेत. ती उलट उत्तर देते, भांडण पेटते, आणि इकडे साखर आणखी उतरत जाते. अशा वेळी वाद न घालता तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्यावी, पंधरा मिनिटांनी तपासून गरज पडल्यास पुन्हा द्यावी आणि नंतर जेवू घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुजबुजीतही बोलली जात नाही. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने नसा व रक्तवाहिन्या दुखावतात आणि पुरुषाच्या शरीरसंबंधाच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. तो लाजेने दूर राहतो. पत्नी त्याचा अर्थ प्रेम आटले असा लावते. यावर उपचार आहेत. दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे.

तसेच, मुलीला बालपणापासून मधुमेह असेल तर लग्न जुळवताना तो लपवू नये. सासरी चोरून इन्सुलिन घेताना डोस चुकतो, आणि या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन थांबल्यास थोड्याच दिवसांत जिवावर बेतते. साखर नीट ताब्यात ठेवली व डॉक्टरांची देखरेख असली तर अशा स्त्रीलाही निरोगी बाळ होऊ शकते, हे दोन्ही कुटुंबांनी आधीच समजून घ्यावे.

डॉक्टर रोज अर्धा तास चालायला सांगतात. शहरात हे सोपे. आपल्याकडे पहाटे आणि तिन्हीसांजेला उसाच्या कडेने बिबट्या असतो! म्हणून चांगले उजाडल्यावर, मोकळ्या रस्त्याने आणि सोबतीनेच चालावे. या सक्तीचा एक लाभ असा की, दिवसभर कामात गुंतलेल्या पतिपत्नींना अर्धा तास एकमेकांशी बोलायला मिळतो.

शेवटी उपवासाविषयी. राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार या दिवशीच्या उपवासाचे बंधन आजारी व्यक्तीवर नाही. इन्सुलिन घेणाऱ्याने तो डॉक्टरांना न विचारता मुळीच करू नये. ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एक तासाच्या उपवासात पाणी व औषध चालतेच. त्याशिवाय ख्रिस्तसभेच्या धर्मकायद्याचा ९१९ वा नियम वृद्ध व आजारी व्यक्तींना, आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही, त्या तासाभरात काही खाल्ले असले तरी ख्रिस्तप्रसाद घेण्याची मुभा देतो. म्हणून मिस्सेला निघताना साखरेची पुडी जवळ असू द्यावी, आणि ती कोठे ठेवली आहे हे शेजारी बसणाऱ्यालाही ठाऊक असावे.