संशोधन पदवी : सौदा पारखून करावा

व्यापारी घरातील मुलगा संगणकशास्त्रात बी.टेक. होतो आणि नोकरी किंवा पेढी यांऐवजी ‘मला संशोधन करायचे आहे’ असे सांगतो, तेव्हा वडिलांचा पहिला प्रश्न असतो, ‘यातून मिळणार काय?’ प्रश्न रास्त आहे.

गेट परीक्षेनंतर दोन वाटा फुटतात. नेहमीचे एम.टेक. दोन वर्षांचे, त्यात विषय अधिक, प्रकल्प मर्यादित. मद्रास आयआयटीची एम.एस. किंवा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेची एम.टेक. (संशोधन) ही पदवी मात्र प्रबंधावर उभी असते. विषय थोडे, पण परीक्षकांनी प्रबंध मान्य केल्याखेरीज पदवी नाही. त्यामुळे दोनाची तीन वर्षेही होतात.

गेटद्वारे प्रवेश घेणाऱ्या एम.टेक. विद्यार्थ्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, पीएच.डी.च्या कनिष्ठ संशोधकास २०२३ पासून ३७,००० रुपये. नोकरीतील मित्राच्या पगारापुढे ही रक्कम तोकडीच. तो फरक म्हणजे या पदवीत घातलेले भांडवल होय.

ते बुडू नये यासाठी संस्थेच्या नावाआधी मार्गदर्शक पारखावा. त्यांचे अलीकडचे शोधनिबंध वाचावेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली, पुढे ते कोठे गेले, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. पत पाहिल्याविना उधारी देऊ नये, हे पेढीवर कोणास शिकवावे लागत नाही.

केवळ चांगली नोकरी हवी असल्यास नेहमीचे एम.टेक. पुरेसे आहे. सहा महिने उत्तर न सापडताही ज्याचे मन त्याच प्रश्नात रमते, त्याला मात्र घरच्यांनी अडवू नये.