हिमस्तूप : हवामानबदल, तंत्रज्ञान आणि परंपरेचे पुनर्वाचन

गरज ही शोधाची जननी होय, हे विधान तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात इतके रूढ झाले आहे की त्या शोधाला विशिष्ट रूप कोठून लाभते, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. हवामानबदलातून उद्भवलेल्या तंत्रज्ञानाचा विचार करताना मात्र तो टाळता येत नाही. लडाखमधील हिमस्तूप हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे.

लडाख हा हिमालयाच्या पर्जन्यछायेतील शीत वाळवंटी प्रदेश. लेह येथील वार्षिक पर्जन्यमान सुमारे १०० मिलिमीटर असून शेती वितळणाऱ्या हिमाच्या पाण्यावर अवलंबून आहे. सातूच्या पेरणीला एप्रिल-मे महिन्यांत पाणी लागते. उंचावरील हिमनद्या मात्र जूनच्या सुमारास पुरेशा वितळू लागतात. हिवाळ्यात ओढ्यांचे पाणी उपयोगाविना वाहून जाते. ही कालविसंगती जुनीच आहे. हिमनद्या मागे हटू लागल्या आणि हिमवृष्टी अनिश्चित झाली, तसतशी ती अधिक जाचक होत गेली.

या विसंगतीवर स्थापत्य अभियंता चेवांग नोर्फेल यांनी १९८७ च्या सुमारास कृत्रिम हिमनदीचा उपाय योजला. ओढ्याचे पाणी सावलीच्या उतारावर वळवून, दगडी बांधांमागे संथ करून ते थराथराने गोठवावयाचे, अशी ही पद्धत होती. तिला उंच व छायायुक्त जागा आवश्यक असे. ही मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न सोनम वांगचुक यांनी केला. २०१३-१४ च्या हिवाळ्यात त्यांनी सुमारे १,५०,००० लिटर पाण्याचा पहिला प्रायोगिक हिमस्तूप उभारला. वरच्या बाजूने नळाद्वारे आणलेले पाणी स्वतःच्याच दाबाने उंच चढते, फवाऱ्याच्या रूपाने कोसळताना गोठते आणि शंकूचा आकार घेते. सपाट पसरलेल्या तेवढ्याच बर्फाच्या तुलनेत शंकूचा फारच थोडा पृष्ठभाग उन्हाला सामोरा येतो. परिणामी तो गावाजवळ, उघड्यावरही वसंतापर्यंत टिकतो.

येथे तुलनाकारांच्या दृष्टीने दोन बाबी लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे परंपरेशी असलेला अनुबंध. बाल्टिस्तानात ‘नर’ व ‘मादी’ बर्फाचे तुकडे एकत्र पुरून हिमनदी ‘रुजविण्याची’ लोकपरंपरा आहे. तिच्यातून हिमस्तूपाची थेट वंशावळ सिद्ध होते असे नाही. तथापि हिमनदी मानवी प्रयत्नाने घडविता येते, ही कल्पना या पर्वतीय संस्कृतीला अपरिचित नव्हती. दुसरी बाब नामकरणाची. स्तूपासाठी लडाखी भाषेत ‘छोर्तेन’ हा शब्द असताना जगभर प्रसृत झाले ते इंग्रजी व संस्कृत शब्दांच्या संयोगातून बनलेले ‘आइस स्तूप’ हे नाव. शंकूच्या भौमितिक उपयुक्ततेला त्यामुळे पावित्र्याचा अर्थ लाभला. पुढे स्वित्झर्लंडमध्येही असे स्तूप उभारले गेले, तेव्हा तंत्रासोबत नावानेही स्थलांतर केले. त्या नावामागील श्रद्धाविश्व मात्र कितपत सोबत गेले, हा प्रश्न अनुवादमीमांसेच्या कक्षेत येतो.

या नवनिर्मितीची मर्यादाही स्पष्ट आहे. हिमस्तूप नवे पाणी निर्माण करीत नाही. हिवाळ्याचे पाणी तो वसंताच्या हाती सोपवितो. म्हणून ते पाणी कोणाच्या वाट्याचे, हा प्रश्न उरतोच, आणि पाणीवाटप पाहणाऱ्या ‘छुरपोन’ या पारंपरिक पदाचे महत्त्व तंत्रामुळे संपत नाही. शिवाय पाणी गोठण्यासाठी कडाक्याची थंडी हवी. ज्या तापमानवाढीमुळे हा उपाय निकडीचा झाला, तीच वाढत गेल्यास त्याचा आधारही हिरावून घेईल. हवामानबदल तंत्रज्ञानाला चालना देतो, हे विधान या दुहेरी नात्यासह वाचले तरच सार्थ ठरते. अन्यथा संकटालाच प्रगतीचे निमित्त मानून त्याच्या कारणांकडे पाठ फिरविण्याचा धोका संभवतो.